पुंडलिक आचाऱ्याचा सहावा आठवडा

बजाजनगरातल्या लोकांना सोनिया चांगली ठाऊक होती. ती एकदा हात धुऊन मागे लागली की माणसाची सुटका नसे. आशा सेविका म्हणून तिला सात वर्षं झाली होती. कुणाच्या बाळाचा डोस चुकला, कुणी गरोदर बाई तपासणीला गेली नाही, की सोनियाची स्कूटी दारात उभी. तिचा नवरा शिवराज वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. तो म्हणायचा, आमच्या घरात दोन शिफ्ट चालतात, एक माझी आठ तासांची आणि दुसरी हिची, जिला सुटीचा भोंगाच नाही.

पण तिचा खरा जीव अडकला होता तो कुष्ठरोगाच्या पेशंटांत. त्याला कारण होतं. कामाला लागली त्याच वर्षी तिच्या हद्दीत एक गवंडी निघाला होता. नव्या उत्साहात तिनं त्याला प्रशिक्षणात लिहून घेतलेलं सगळं वाचून दाखवलं: या गोळ्यांनी काय काय होऊ शकतं, काय दिसलं तर धावत दवाखान्यात यायचं. गवंड्यानं मान डोलावली आणि पुढच्या महिन्यात खोलीला कुलूप लावून निघून गेला. दोन वर्षांनी तो भाजीबाजारात दिसला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती. त्या दिवसापासून सोनियानं वहीतलं ते पान मिटलं ते मिटलंच. लोकांना घाबरवायचं नाही, एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवायची, असं तिनं ठरवून टाकलं. ती गोष्ट म्हणजे, काय बी होऊ द्या, गोळी बंद करायची नाय.

पुंडलिक आचाऱ्याला हे वाक्य तिनं निदान वीस वेळा ऐकवलं असेल.

पुंडलिक मूळचा फुलंब्रीकडचा. वय बेचाळीस, अंगानं थोराड, बोलणं कमी. लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करायचा आणि बुंदी पाडण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. शोधमोहिमेत घरोघर फिरताना सोनियानं त्याला दारात उघड्या अंगानं बसलेलं पाहिलं आणि पाठीवरच्या फिकट, तांबूस चट्ट्यांवर तिची नजर थांबली. पेनाचं टोक चट्ट्यावर टेकवलं तर त्याला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर अश्लेषा मॅडमनी तपासून निदान पक्कं केलं, औषधाचं पहिलं पाकीट सरकारी साठ्यातून दिलं आणि पहिला डोस आपल्या डोळ्यांसमोर घ्यायला लावला. हा आजार हातचं खाल्ल्यानं कुणाला होत नाही, आणि औषध सुरू झाल्यावर तुमच्यापासून कुणाला लागणही होणार नाही, तुम्ही खुशाल काम करा, असंही त्यांनी त्याला समजावलं. पुंडलिकनं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर सोनियापुढे हात जोडले.

"ताई, हे तुमच्यात-माझ्यात ऱ्हाऊ द्या. लोकांना कळलं तर माझ्या हातचं कोण खाईल?"

सोनियानं शब्द दिला. घरात बायकोला, अनसूयाला, तेवढं माहीत होतं. बाकी कुणाला नाही.

आणि पुंडलिकनंही गोळी न चुकवण्याचा आपला शब्द पाळला. आचारी सगळ्यात शेवटी जेवतो, म्हणून त्यानं गोळीची वेळ चारची ठरवली आणि मोबाइलमध्ये गजर लावून ठेवला. पहिलं पाकीट संपलं तेव्हा रिकामी पट्टी त्यानं सोनियाला अशी दाखवली, जशी एखादा पोरगा प्रगतिपुस्तक दाखवतो. सोनिया बैठकीत त्याचं नाव न घेता त्याचं उदाहरण द्यायला लागली होती.

वैशाखातली ती दाट लग्नतिथी होती. दुपारी साडेबाराच्या सुमाराला बाळांची वजनं आटोपून सोनियानं केंद्राच्या ओसरीत मोबाइल उघडला तर पुंडलिकचा आवाजी निरोप, सकाळी आठचा.

"ताई, चार दिस झाले ताप येऊ राहिला. अंगभर लाल पुरळ उठलंय, लई खाजवतं. भट्टीची गरमी असंल. पण तुम्ही काळजी करू नका, गोळी एक बी चुकवली नाय. आज बी घेणार हाय."

पहिल्यांदा तिला आनंदच झाला. तापात माणूस गोळी चुकवत नाही म्हणजे काय. तिनं लगेच उत्तर बोलून पाठवलं की शाबास, घाबरू नका, गोळी चालू ठेवा, उद्या येऊन बघते. निरोप गेला, पण त्याच्यापुढे एकच टिक उमटली. पुंडलिकचा फोन बंद होता.

मोबाइल पर्समध्ये टाकता टाकता तिचा हात थांबला. औषध चालू असताना जुने चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखतात, हे तिनं पाहिलेलं होतं. त्याला डॉक्टर वेगळं औषध देतात आणि या गोळ्या चालूच राहतात. पण पुंडलिक चट्ट्यांबद्दल बोललाच नव्हता. तो पुरळ म्हणाला, अंगभर म्हणाला, खाज म्हणाला. विचारून तरी घ्यावं म्हणून ती मॅडमच्या खोलीत डोकावली.

अश्लेषा मॅडम काहीतरी लिहीत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं. औषध सुरू होऊन किती दिवस झाले, एवढंच त्यांनी आधी विचारलं. सोनियानं बोटांवर मोजलं. सहावा आठवडा चालू होता.

"डोळे पिवळे दिसतात का त्याचे?"

"चार दिवसांत भेट नाय मॅडम."

मॅडम उठल्याच. त्यांनी भराभर सांगितलं ते असं: पाकिटातल्या तीन औषधांपैकी रोजची पांढरी गोळी, डॅप्सोन, फार थोड्या लोकांना सोसत नाही. आणि सोसत नाही ते बहुधा याच दिवसांत, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, कळतं. आधी ताप, मग अंगभर पुरळ, मग कावीळ. यकृतावर गेलं तर माणूस हातचा जातो. अशा वेळी आणखी एक गोळीसुद्धा पोटात जाता कामा नये. बाकीचीही तूर्त थांबवायची, त्याला थेट घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात, घेऊन यायचं आणि येताना गोळ्यांचं पाकीट बरोबर आणायचं.

"पण मॅडम, गोळी बंद करायची नाय असंच आपण..."

"स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. पण असं काही दिसलं तर थांबायचं आणि त्याच दिवशी आपल्याला दाखवायचं. ही दुसरी बाजू सांगितली होतीस ना त्याला?"

सोनियानं मोबाइल काढला, मघाचा निरोप दोन्हीकडून पुसून टाकला आणि चालत नाही, पळत स्कूटीकडे गेली. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. चारला गजर होणार होता, आणि पुंडलिक गजराला चुकणारा माणूस नव्हता.

अनसूया घराच्या दारात शेवया वाळत घालत होती. पुंडलिक कालच सामान घेऊन गेल्याचं तिनं सांगितलं. लग्न कुणाचं, लॉन कोणतं, तिला माहीत नव्हतं. ताप होताच, ती नको म्हणाली होती, पण तिथीच्या दिवशी आचारी घरी बसला तर पुढच्या वर्षी कोण बोलावणार, असं म्हणून तो गेला. मोबाइल आदल्या दिवसापासूनच बंद पडत होता, त्याची बॅटरी फुगली होती. एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं की ऑर्डर श्रीरंगभाऊंची, गुलमंडीवाल्यांची.

काय झालं ते सोनियानं अनसूयाला अर्धंच सांगितलं. दवाखान्यात दाखवावं लागेल, तुम्ही संध्याकाळी घाटीत या, एवढं बोलून तिनं स्कूटी वळवली. नगर नाक्यावरून छावणी, छावणीतून क्रांती चौक. वरून ऊन, खालून डांबर, आणि प्रत्येक सिग्नलला पुढे एकेक वरात. क्रांती चौकात तर एका नवरदेवाचा घोडाच आडवा उभा राहिला. सोनियानं हॉर्न दाबला तो दाबूनच ठेवला. वरातीतला एक जण डाफरला, पण तिचं तोंड बघून त्यानंच घोडा बाजूला घ्यायला लावला.

गुलमंडीत स्कूटी शिरेना. कापडाच्या एका दुकानापुढे ती लावून सोनिया चालतच श्रीरंगरावांच्या गाळ्याशी पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. श्रीरंगराव पन्नाशीचे गृहस्थ. वडील कचेरीत कारकून होते, यांनी मात्र केटरिंगमध्ये नाव काढलं होतं. पाठीमागे पातेल्यांची उतरंड आणि समोर ऑर्डरींची वही, असे ते बसले होते.

पुंडलिक कुठं भेटेल, असं सोनियानं विचारलं. का, असं त्यांनी विचारलं. आणि इथंच तिची गाडी अडली. खरं सांगावं तर पुंडलिकचं चुलाण कायमचं विझणार. खोटं सांगावं तर हा माणूस कशाला धावपळ करील?

"काका, मी आरोग्य खात्यातली. त्यांच्या तब्येतीचं आहे, आणि आजच्या आज गाठ पडायलाच पाहिजे. याच्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाय. तुम्ही विचारू बी नका."

श्रीरंगरावांनी वही पुढे ओढली. त्या दिवशी त्यांच्या दोन ऑर्डरी होत्या, एक बीड बायपासला आणि एक चौका गावाच्या पुढे, फुलंब्रीच्या अलीकडच्या लॉनवर. कोणत्या आचाऱ्याला कुठं धाडायचं ते देखरेख करणारा माणूस ठरवतो, म्हणून त्यांनी त्याला फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. डीजेपुढे काय ऐकू येणार?

बीड बायपास एका टोकाला, फुलंब्री दुसऱ्या टोकाला. चुकीच्या लॉनवर गेलं तर चार वाजण्याच्या आत दुसरीकडे पोचणं शक्यच नव्हतं. सोनियानं विचारलं, गोड काय आहे दोन्हीकडं? श्रीरंगरावांनी पानं उलटली. बायपासला गुलाबजाम. चौक्याच्या पुढे बुंदी.

ते एवढंच म्हणाले, "मग तो तिकडंच." आणि ती पायऱ्या उतरत असताना मागून सांगितलं की परत यायला गाडी लागली तर भांड्यांचा टेम्पो तिथंच आहे, त्याच्या ड्रायव्हरला माझं नाव सांगा.

हर्सूल मागे पडलं, सावंगी मागे पडलं. सोनियाला रस्त्यात आपलंच वाक्य ऐकू येत होतं, वीस वेळा सांगितलेलं, तिच्याच आवाजात. गवंडी पळाला होता आणि बोटं गमावून बसला होता. हा पळाला नव्हता, हा तिच्या शब्दावर भरवसा ठेवून तापात भट्टीपुढे उभा होता. चौक्याच्या घाटात एक उसाचा ट्रॅक्टर पुढे होता. एरवी वळणावर ती कधी पुढे काढत नसे. त्या दिवशीही तिनं काढली नाही, पण दात आवळून ती त्याच्या मागे जी चालली, ती चार मिनिटं तिला पुरती आठवतात.

लॉनवर पोचली तेव्हा सव्वातीन झाले होते. दुसरी पंगत बसत होती. मांडवातून सरळ आत घुसून ती मागच्या पत्र्याच्या शेडकडे गेली. धूर, तेलाचा वास, पाण्याचे टँकर. आणि मोठ्या कढईपुढे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, डोक्याला-गळ्याला पंचा गुंडाळून पुंडलिक उभा. झाऱ्यावर पीठ ओतत होता आणि भर उन्हात, भट्टीच्या तोंडाशी, थंडी वाजल्यासारखा कापत होता.

तिनं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा दिसत होता.

तिला बघून तो खुलला. झारा शेजारच्या सांडूकडे, त्याच्या जुन्या जोडीदाराकडे, देऊन तो बाजूला आला, खिशातून पाकीट काढलं आणि आपणहून पुढे केलं. त्या दिवसाची गोळीही फोडलेली होती.

"आजची दोनलाच घेतली ताई. मोबाइल बंद पडला, गजर व्हायचा नाय, म्हणलं इसरायला नको."

एवढी धावपळ करून सव्वा तास उशीर झाला होता. तिनं मॅडमना फोन लावला. मॅडमनी डोळ्यांचा रंग विचारला, श्वास कसा आहे, लघवीचा रंग कसा आहे विचारलं आणि म्हणाल्या, घेतली ती घेतली, आता पुढची नाही, निघा तुम्ही, मी घाटीत बोलून ठेवते.

पण पुंडलिक निघेना. अजून अर्धी परात पीठ बाकी आहे, पंगत बसलीय, आणि ताप काय, उतरेल. ती म्हणाली की आता या गोळ्या बंद, तर तो चक्क हसला. हळू आवाजात, सांडूला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी कानाशी येऊन, तो म्हणाला की तुम्ही माझी परीक्षा बघू राहिल्या, मला कळतं. असे मधेच सोडणारे लोक तुम्हीच मला सांगितले होते. मी त्यातला नाही.

सोनियानं त्याचं मनगट धरलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. बाही जराशी वर सरकवली तर कोपरापर्यंत लालभडक पुरळ.

"पुंडलिकभाऊ, परीक्षा नाय. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. गोळी मनानं सोडायची नाय, हे खरं. पण ताप आला, पुरळ आलं, डोळे पिवळे झाले, तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, हे बी तेवढंच खरं. तुम्ही पळून जाल म्हणून मी ते सांगितलंच नाय. चूक माझी हाय. तुमची एक बी नाय."

त्याला राग आला की वाईट वाटलं ते तिला कळलं नाही. तो म्हणाला, "मी कशाला पळून जातो ताई?" एवढंच. मग त्याचा पाय लटपटला आणि त्यानं तिच्या खांद्याचा आधार घेतला.

सांडू झारा टाकून धावला. काय झालं, असं त्यानं विचारलं. कावीळ दिसतेय, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, असं सोनिया म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. सांडूनं एक शब्द जास्त विचारला नाही. बुंदी मी पाडतो, तुझ्यासारखी गोल पडणार नाही पण पंगत उपाशी उठणार नाही, असं त्यानं पुंडलिकला बजावलं आणि स्वतः त्याला उचलून टेम्पोत बसवलं. श्रीरंगरावांचं नाव घ्यायचीसुद्धा गरज पडली नाही. ड्रायव्हरनं चूळ भरली आणि चावी फिरवली.

भांडी खडखडत टेम्पो घाट चढत-उतरत निघाला. पुंडलिकचं डोकं सोनियाच्या खांद्यावर पडलं होतं आणि तिच्या मांडीवर पाकीट आणि त्याच्यासोबतचं उपचाराचं कार्ड घट्ट धरलेलं होतं. त्याच्या खिशात आणखी काही औषध आहे का, तापासाठी दुकानातून काही आणून घेतलं का, हे तिनं त्याला विचारून घेतलं. दोन दिवस कुणीतरी दिलेल्या तापाच्या गोळ्या घेतल्याचं त्यानं सांगितलं. तेही तिनं कार्डाच्या मागे लिहिलं. ड्रायव्हर गडी मोठा तयारीचा होता. टीव्ही सेंटरची वर्दळ टाळून त्यानं गल्ल्यांतून असा टेम्पो काढला की साडेचारच्या आत ते घाटीच्या अपघात विभागापुढे होते.

तिथं त्यांची वाट बघितली जात होती. कोणतं औषध, कधीपासून, शेवटची गोळी किती वाजता, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आणि सोनियानं पाकीट, कार्ड, सगळं एका दमात पुढे केलं. रक्त घेतलं, सलाईन लावलं. दोन तासांनी डॉक्टरांनी सांगितलं की यकृताला सूज आहे, पण वेळेत आणलंत. उद्याची आणखी एक गोळी गेली असती तर आम्ही हे इतक्या खात्रीनं बोललो नसतो.

खरा कठीण प्रसंग पुढेच होता. संध्याकाळी अनसूया आली. नवऱ्याला पाहून ती सोनियाकडे वळली आणि जे बोलली ते वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. तुमच्या गोळ्यांनीच माझं माणूस खाल्लं, असं ती म्हणाली. घरी गेल्यावर मी सगळं गटारात टाकणार, परत आमच्या दारात पाऊल टाकू नका. सोनियानं खाली मान घालून ऐकून घेतलं.

पण ती घरी गेली नाही. शिवराजला फोन करून तिनं वरण-भात लावायला सांगितला आणि व्हरांड्यात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. सुरुवातीला अनसूया तोंड फिरवायची. चौथ्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी पुरळाची त्वचा सापाच्या कातीसारखी सुटू लागली तेव्हा अनसूया घाबरून धावत बाहेर आली, आणि धावत आली ती सोनियाकडेच. हे बरं होण्याचंच आहे, असं नर्सनं सांगितलं तेव्हा दोघी एकाच बाकावर बसलेल्या होत्या आणि अनसूयानं सोनियाचा हात सोडला नव्हता.

अश्लेषा मॅडमनी येऊन तिला नीट समजावलं. तीन औषधांतलं एक याच्या अंगाला चालत नाही. ते याला पुन्हा आयुष्यात कधी द्यायचं नाही, आणि हे कार्डावर लाल अक्षरांत लिहून ठेवलं आहे, कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी दाखवायचं. पण म्हणून आजार तसाच सोडायचा नाही. यकृत पूर्ववत झालं की दुसरं औषध जोडून उपचार पुरा करायचा, आणि तोही आमच्या डोळ्यांदेखत. अनसूयानं विचारलं, पुन्हा असं झालं तर? मॅडम म्हणाल्या, म्हणूनच तर तुम्हालाही सगळं सांगतेय.

पुंडलिक तीन आठवड्यांनी घरी आला. पँट ढिली झाली होती, केस विरळ झाले होते, पण डोळे पांढरेस्वच्छ. पावसाळा सरता सरता रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले आले आणि मॅडमनी नवं औषध सुरू केलं. त्या दिवशी सोनियानं तिचं मिटलेलं पान उघडलं. पुंडलिक आणि अनसूया दोघांनाही समोर बसवून तिनं ते पहिल्या ओळीपासून वाचलं: काय झालं तर घाबरायचं नाही, काय झालं तर कळवायचं, आणि काय झालं तर थांबून त्याच तासाला निघायचं. वाचताना तिचं लक्ष पुंडलिकच्या तोंडाकडे होतं. तो पळाला नाही. उलट त्यानं दोन शंका विचारल्या आणि अनसूयानं तिसरी.

आणि श्रीरंगरावांचं काय झालं? ते पुंडलिकनं आपणच मिटवलं. दिवाळीआधी तो गुलमंडीत गेला आणि गाळ्यात बसून त्यांना सगळं सांगितलं, आजाराचं नाव घेऊन. सोनियाला हे मागाहून कळलं. तुम्ही सांगितलंच कशाला, असं तिनं धसकून विचारलं. पुंडलिक म्हणाला की तुम्ही एकटीनं किती दिवस ते तोंडात धरून ठेवायचं? श्रीरंगरावांनी आधी डॉक्टरांना फोन करून चार गोष्टी विचारून घेतल्या, हे खरं. एक आठवडा काही कळवलंही नाही. मग तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच तिथीची ऑर्डर त्यांनी त्याला दिली. सांडूलाही त्यानं सांगितलं, पण त्याचा अजून विश्वास बसत नाही. तो म्हणतो, एवढ्याशासाठी तू माझ्यापासून लपवलंस? याचाच त्याला राग आहे, दुसऱ्या कशाचा नाही.

सोनियाच्या हद्दीत या वर्षी आणखी तीन पेशंट निघाले. तिघांनाही तिनं पूर्ण पान वाचून दाखवलं आणि खाली स्वतःचा नंबर लिहून दिला. त्यातली एक बाई, प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला असते, तिनं महिन्याच्या डोसाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन केला. शिवराज नुकताच रातपाळीवरून येऊन आडवा झाला होता. लघवी लाल झाली ताई, असं ती बाई घाबऱ्याघुबऱ्या सांगत होती. सोनियानं अंथरुणात उठून बसत विचारलं की ताप, खाज, डोळे? नाही, तसलं काही नव्हतं. मग काही चिंता नाही, तो त्या मोठ्या डोसाचा रंग आहे, उद्यापर्यंत जाईल, मी बोलले होते ना, असं तिनं सांगितलं.

"व्हय, तुम्ही बोलला होता," ती बाई म्हणाली. "पण काय बी वाटलं तर फोन करा असं बी बोलला होता, म्हणून केला."

"लई चांगलं केलंत," सोनिया म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही झोप येण्याचं काही चिन्ह नव्हतं. तिनं चहा टाकला. शिवराजनं डोक्यावरून चादर ओढून विचारलं की एवढ्या पहाटे कशाचा आनंद झालाय तुला. तिनं त्यालाही एक कप ओतला आणि सांगायला बसली.